जोडाक्षरांचा श्रीगणेशा

घरात मुलाच्या हाती प्रथम पाटी द्यावयाची असली म्हणजे वडील माणूस त्याचा चिमुकला हात आपल्या हातात धरतो आणि पाटीवर पहिले अक्षर काढवितो ते ‘श्री’. मुलास अजून क येत नाही, ग येत नाही, सरळ रेघही येत नाही. आणि त्याच्याकडून आपण श, र व दीर्घ ई अशा तिघांची मोट बांधलेले अक्षर गिरवून घेतो. कोणत्याही कार्याच्या आरंभास आपण ‘श्रीगणेशा करणे’ म्हणतो, म्हणजे आरंभाचा वाक्प्रचारच मुळी जोडाक्षराने उघडतो. त्याहून जुना ‘ओनामा’ पाहावा. ‘ॐ नमः सिद्धम्’ हे त्याचे मूळ रूप. परंतु पंतोजींच्या शाळेत पिढ्यान् पिढ्या मुले ‘ओनामासीधं’ असेच घोकीत आली. ‘सिद्धम्’ मधील जोडाक्षर मुलांच्या जिभेने केव्हाच विरघळवून टाकले, आणि छडीबद्दल प्रसिद्ध असलेल्या पंतोजींनीही त्याबद्दल छडी उगारलेली दिसत नाही. उलट तोच उच्चार शिरस्ता होऊन बसला. सारांश, जुन्या काळी पहिल्या धड्यातील जोडाक्षर एकतर चित्रासारखे गिरविले जाई, नाहीतर जिभेच्या सोयीने सोडविले जाई. दोन्ही प्रकारांत मूल भीत नसे.

हे आठवण्याचे कारण असे की, गेल्या काही महिन्यांत नांदेड व लातूर जिल्ह्यांतील प्राथमिक शाळांत पहिली-दुसरीच्या वर्गांत जाऊन बसण्याचा योग आम्हांस पुष्कळ वेळा आला. बाजारात मिळणाऱ्या अंकलिप्या, सरकारी क्रमिक पुस्तके, वर्गाच्या भिंतीवरचे तक्ते हे सर्व आम्ही लक्षपूर्वक पाहिले. शिक्षकांच्या परिश्रमांविषयी आमच्या मनात आदरच आहे. एकाच खोलीत दोन इयत्ता सांभाळणाऱ्या बाईंस उपदेश करण्याचा अधिकार खुर्चीवर बसून लेख लिहिणाऱ्यास नसतो, हेही आम्ही जाणतो. तथापि जोडाक्षरे, विशेषतः शब्दाच्या आरंभी येणारी जोडाक्षरे, ज्या क्रमाने व ज्या समजुतीने शिकविली जातात तो क्रम व ती समजूत आम्हांस मुळातच चुकीची वाटते, आणि ते स्पष्ट बोलून दाखविणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

प्रचलित क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. प्रथम सुटी अक्षरे, मग काना-मात्रा-वेलांटी, मग बाराखडी, त्यानंतर कित्येक महिने ‘जोडाक्षरविरहित’ शब्द व वाक्ये, आणि हे सारे आटोपल्यावर एके दिवशी ‘जोडाक्षरे’ हा धडा. तो धडा मांडावयाचा अक्षरांच्या आकारावरून. ज्या अक्षरांस शेवटी दंड आहे त्यांचा दंड काढावा. क आणि फ यांची शेपटी कापावी. ट, ड, द, ह यांसारख्या बिनदंडी अक्षरांचा पाय मोडावा किंवा पुढचे अक्षर त्यांच्या पोटाखाली बसवावे. र मात्र बहुरूपी, तो कधी डोक्यावर रफार होऊन बसतो, कधी पोटात तिरपी रेघ होतो, तर कधी ‘ऱ्या’ सारखा वेगळाच अवतार घेतो. हे वर्गीकरण निर्दोष आहे, पण ते खिळे जुळविणाऱ्या कारागिराच्या उपयोगाचे. त्यात डोळ्याचा विचार आहे. कानाचा आणि जिभेचा मुळीच नाही. आणि उदाहरणे? प्रथम, प्रकाश, श्रम, क्रम, ग्रंथ, व्रत, ध्वज, स्वर. सगळी संस्कृतातून जशीच्या तशी उचललेली, आणि बहुतेक सगळी अशी की जी मुखेडच्या किंवा जळकोटच्या सहा वर्षांच्या मुलाने शाळेत येण्यापूर्वी क्वचितच उच्चारलेली असतात.

एका शाळेत (तिचे नाव सांगण्याची गरज नाही, कारण तो प्रकार कोठेही घडू शकेल) दुसरीतील एक मुलगा आमच्यासमोर वाचीत होता. ‘प्रकाश’ हा शब्द येताच तो ‘परकाश’ म्हणाला. गुरुजी म्हणाले, “पर नव्हे, प्र.” मुलगा म्हणाला, “पर.” असे पाच वेळा झाले. सहाव्या वेळी मुलगा काहीच बोलला नाही, आणि त्याची नजर पुस्तकावरून उठली ती तास संपेपर्यंत पुन्हा पुस्तकावर आली नाही. आता विचार करावा. त्या मुलाने अक्षर ओळखले नव्हते काय? ओळखले होते, प आणि र ही दोन्ही त्याला दिसली होती, त्यांचा क्रमही त्याने बरोबर लावला होता. डोळ्याने चूक केलीच नव्हती. जिभेने मात्र घरचा नियम पाळला होता. त्याच्या घरी त्रास हा ‘तरास’ असतो, मंत्र ‘मंतर’, चित्र ‘चित्तर’, ग्रहण ‘गिराण’, प्रीती ‘पिरती’, व्रत ‘वरत’. इंग्रजी शब्दांसही तोच न्याय: ग्लासचा ‘गिलास’, क्लासचा ‘किलास’, ट्रकचा ‘टरक’, आणि स ने आरंभ होणारी जोडी असली तर तिच्या आधी एक इ येऊन बसते, म्हणून स्टँड हा ‘इस्टँड’. ह्यात गबाळेपणा नाही. दोन व्यंजने एकमेकांवर आदळू लागली की मध्ये किंवा आधी एक स्वर घालावा, असा हा नियम असून तो पाळण्यात ही मंडळी आपल्या शुद्धलेखनापेक्षा अधिक काटेकोर आहेत.

आणि हा नियम खेड्यातल्या अडाण्यांचा म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी मराठीचा इतिहास थोडा चाळावा. ग्रामाचे गाव झाले, व्याघ्राचा वाघ, द्वाराचे दार, भ्रात्याचा भाऊ, स्कंधाचा खांदा, क्षेत्राचे शेत, श्वश्रूची सासू, त्रीणीचे तीन. प्राकृताच्या वाटेने जे जे शब्द आपल्या घरात आले त्यांनी उंबरठ्याबाहेरच आरंभीचे जोडाक्षर काढून ठेविले. प्र, क्र, श्र, स्व ह्या जोड्या आपल्याकडे परत आल्या त्या पोथीतून आणि पुढे छापील पुस्तकातून. म्हणून ‘परकाश’ म्हणणारे मूल भाषा बिघडवीत नाही. ज्या प्रवृत्तीने मराठी मराठी झाली तीच प्रवृत्ती ते अजाणता चालवीत असते. ते अशुद्ध बोलते असे म्हणणे म्हणजे ‘गाव’ आणि ‘वाघ’ हेही अशुद्ध आहेत असे म्हणण्यासारखे होय.

येथवर आमच्या म्हणण्याशी पुष्कळ वाचक सहमत होतील आणि लागलीच असा निष्कर्ष काढतील की, जर मुलाच्या जिभेवर आरंभीची जोडाक्षरे नाहीतच, तर ती जितकी लांबणीवर टाकावी तितके बरे. आमचा खरा मतभेद येथेच आहे. मुलाच्या जिभेवर ती आहेत, भरपूर आहेत. जे मूल ‘प्रकाश’ पाशी अडते तेच मूल मधल्या सुटीत “म्या न्हाई ग्येलो” हे एका दमात म्हणते. तीन शब्द, आणि तिन्हींच्या आरंभी जोडाक्षर! घ्या, द्या, प्या, त्याला, ज्याचा, म्हैस, म्हातारी, न्हाणी, व्हय, ल्हान, ल्योक, प्वार, ऱ्हातो; ही यादी करण्यासाठी आम्हांस कोश उघडावा लागला नाही, शाळेच्या ओट्यावर अर्धा तास बसावे लागले. ह्या जोड्यांत दुसरे व्यंजन य, व किंवा ह असते, आणि ते पहिल्या व्यंजनात अलगद मिसळते. म्ह, न्ह, ल्ह ह्यांना तर कित्येक भाषाशास्त्रज्ञ दोन व्यंजनांची जोडी न मानता ख-घ प्रमाणे एकच महाप्राण व्यंजन मानतात. लिपीने त्यांना स्वतंत्र अक्षर दिले नाही, एवढाच त्यांचा दोष. म्हणजे लिहिताना जोडाक्षर आणि बोलताना एकजीव, अशी ही सर्वांत सोपी पायरी आहे. आमच्या पाहण्यात आलेल्या तक्त्यांत मात्र तीच पायरी एकतर गाळलेली, नाहीतर यादीच्या तळाशी टाकलेली होती.

ह्याचा परिणाम पुस्तकांच्या गद्यावर काय झाला आहे तो कोणी साहित्याच्या दृष्टीने पाहिलेला दिसत नाही, आणि आमच्या मते पहिलीचे पुस्तक हेही साहित्यच होय. पुष्कळांच्या आयुष्यात तेवढेच साहित्य येते. जोडाक्षर वर्ज्य केले की ‘म्हणाला’ हा शब्द गेला. ‘त्याने’, ‘तिच्या’, ‘माझ्या’, ‘होत्या’, ‘दुसऱ्या दिवशी’ हे सारे गेले. आता आजीची कोणतीही गोष्ट आठवून पाहावी. राजा म्हणाला, राणी म्हणाली, कोल्हा म्हणाला; ह्या एका क्रियापदावाचून मराठीत गोष्ट सांगणे म्हणजे मिठावाचून स्वयंपाक करणे होय. मग उरते काय? ‘मगन, घर बघ, नमन कर’ अशा थाटाची हुकूमनाम्यासारखी वाक्ये, ज्यांत कोणी कोणाशी बोलत नाही आणि कोणाचे काही कोणाला मिळत नाही. मूल महिनोन्‌महिने हेच वाचते आणि समजते की छापील मराठी ही निराळीच कोणतीतरी भाषा आहे. पुढे वाचनाची गोडी का लागत नाही म्हणून आपण सभा भरवितो.

लिपी आणि जीभ यांचा हा विसंवाद किती खोल आहे, हे पाहण्यास लांब जावयास नको. आपापल्या तालुक्यांची नावे घ्यावी. नांदेड जिल्ह्यात सोळा तालुके व लातूरमध्ये दहा, मिळून सव्वीस नावे. त्यांत लिहिताना जोडाक्षर येते ते केवळ दोहोंत, धर्माबाद आणि अर्धापूर, आणि तेही मधोमध रफाराच्या रूपाने. आरंभी जोडाक्षर असलेले नाव एकही नाही. देशी जिभेचा कौल ह्याहून स्पष्ट कोणता हवा? परंतु आता हीच नावे मोठ्याने उच्चारून पाहा. आपण उदगीर लिहितो, पण द पूर्ण उच्चारीत नाही. बोलण्यात ते उद्गीरच असते. मुदखेड, हदगाव, देगलूर, किनवट यांचेही तसेच. म्हणजे ‘उदगीर’ मध्ये जीभ जोडते आणि लेखणी सुटे ठेवते, तर ‘प्रकाश’ मध्ये लेखणी जोडते आणि जीभ सुटे ठेवते. सहा वर्षांच्या मुलास एकाच आठवड्यात ह्या दोन्ही करारांवर अंगठा उमटवावा लागतो, आणि कोणी त्याला सांगतही नाही की हे करार दोन आहेत. ही एवढी एक गोष्ट शिक्षकांच्या प्रशिक्षणात तास-दोन तास समजावून दिली, तर पुष्कळ छड्या (आता छड्या नाहीत, कटाक्ष आहेत) वाचतील.

सीमेवरच्या तालुक्यांत आणखी एक गुंतागुंत आहे. देगलूर-धर्माबादकडील कित्येक घरांत तेलुगू, निलंगा-उदगीरकडे कानडी, शहरांतून दखनी उर्दू, तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. तेलुगूत दोन व्यंजने एकत्र आली म्हणजे पहिले अक्षर अखंड राहते आणि दुसरे लहान होऊन त्याच्या खाली बसते. त्यास वत्तु म्हणतात. कानडीची रीत तीच. देवनागरीत याच्या अगदी उलट: पहिले अक्षर अर्धे होते आणि दुसरे पूर्ण राहते. ज्या मुलाच्या थोरल्या भावाची तेलुगू वही घरात पडलेली असते, त्याच्या डोळ्यास हे उलटे वाटल्यास नवल नाही. उर्दूत तर प्रश्नच वेगळा. तेथे अक्षराच्या पोटात अ दडलेला नाही, त्यामुळे जोडाक्षरासाठी काही मोडावे-कापावे लागत नाही. आणि ‘इस्टेशन’, ‘इस्कूल’ हे शब्द तर आरंभीच्या स्वरासकट तसेच लिहिले जातात. निजामी राजवटीत उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली उर्दू माध्यमाने सुरू झाले आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ह्या भागात वरच्या शिक्षणाचे दार उर्दूचेच होते. एक लिपी जिभेप्रमाणे वाकते आणि दुसरी जिभेस वाकविते, हा अनुभव मराठवाड्याच्या दोन-तीन पिढ्यांनी घेतला आहे. पुण्यात १९६७ साली स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाने महाराष्ट्रातील सर्व मुलांना एक चांगले पुस्तक दिले, हे त्याचे उपकार कोणी नाकारू नयेत. पण एका पुस्तकास सव्वीस तालुक्यांची जीभ ठाऊक असणे शक्य नाही. ती ठाऊक असावी लागते शिक्षकास.

इंग्रजी माध्यमाच्या शाळांत आरंभीच्या जोड्या गाण्यांतून, चित्रांतून मोठ्या हौसेने शिकविल्या जातात, आणि पुष्कळ पालक त्याकडे बोट दाखवून आमच्या मराठी शाळांस नावे ठेवितात. त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की इंग्रजीत b आणि l शेजारी आले तरी दोघांचे आकार तेच राहतात. सारा भार कानावर आणि जिभेवर पडतो. आमच्या मुलास तोच भार उचलून शिवाय मोडलेले, कापलेले, पोटात गेलेले आकारही ओळखावयाचे असतात. कन्नड मुलांच्या आरंभीच्या वाचनावर सोनाली नाग यांनी केलेले संशोधन २००७ साली प्रसिद्ध झाले. त्यात असे दिसून आले की भारतीय अक्षरमाला पूर्णपणे हाती यावयास मुलांना चौथ्या इयत्तेपर्यंतचा काळ लागतो. लिपीच विस्तृत असेल तर वेळ लागणारच. परंतु ‘निपुण भारत’ योजनेने २०२१ पासून दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द अचूक वाचण्याचे लक्ष्य पुढे ठेविले आहे, आणि घड्याळ हाती आले की शिक्षकास जोडाक्षर हा अडथळा वाटू लागतो. मुले चलाख असतात. ती पहिले अक्षर पाहून उरलेला शब्द अंदाजाने ठोकतात. मिनिट साधते, वाचन साधत नाही.

अडथळा वाटला की तो टाळण्याची बुद्धी होते, आणि थोरामोठ्यांसही ती होते, ह्याचे उदाहरण २०१९ साली महाराष्ट्राने पाहिले. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस ह्यांबरोबर ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन आले, आणि जो गदारोळ उठला तो सर्वांच्या स्मरणात असेल. विधानसभेतही आडनावांवर कोट्या झाल्या. गणित समितीच्या अध्यक्ष कै. मंगला नारळीकर ह्यांनी दोन कारणे दिली होती: एक, मराठी संख्यानामांत एकक आधी व दशक नंतर येतो, तो लिहिण्याच्या क्रमाशी जुळत नाही, आणि दुसरे, ह्या नामांतील जोडाक्षरे मुलांस जड जातात. पहिल्या कारणात तथ्य आहे. तेलुगूत इरवै ओकटि, कानडीत इप्पत्तोंदु, म्हणजे वीस आधी आणि एक मागून. आमच्या सीमेवरच्या मुलांस ‘वीस एक’ ऐकून हसू आले नसते. बाईंची थट्टा करणाऱ्यांनी हे पाहण्याची तसदी घेतली नाही, ह्याचे आम्हांस त्या वेळीही वाईट वाटले होते. परंतु दुसरे कारण तपासून पाहू. एकपासून शंभरापर्यंत ज्यांच्या आरंभीच जोडाक्षर आहे अशी संख्यानामे मोजली तर ती आठच भरतात: त्रेचाळीस, त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव, आणि ब्याऐंशी, ब्याण्णव. सहा त्र ची, दोन ब्य ची. ब्य तर मुलाच्या जिभेवर आहेच. राहिला एकटा त्र, आणि त्यासही घरी ‘तिरेपन्न’, ‘तिरेसष्ट’ असा पूल बांधलेला सापडतो. बाकीचे अडथळे शब्दाच्या मध्यभागचे, आणि मधली जोडी तर अण्णा, अक्का, आप्पा, डब्बा, गल्ली, रस्ता म्हणणाऱ्या मुलास परकी नाही. एका अक्षरासाठी संख्यानामांची पद्धत बदलण्याचे कारण आम्हांस पुरेसे वाटत नाही. बाईंनी रोग बरोबर ओळखला. औषध मात्र पथ्याचे दिले, म्हणजे खाऊच नका असे सांगितले.

लेखनाच्या आकाराविषयीही दोन शब्द. शासनाने २००९ साली वर्णमाला व जोडाक्षरे यांच्या लेखनाविषयी आदेश काढला आणि २०२२ साली तो सुधारून पुन्हा काढला. पहिल्या आदेशानंतरच्या अनेक क्रमिक पुस्तकांत द च्या पोटात पुढचे अक्षर न घालता द चा पाय मोडून ते शेजारी ठेवण्याची रीत आली. विद्‌यार्थी, पद्‌धत, प्रसिद्‌ध असे शब्द छापले गेले. हेतू स्तुत्य होता: अक्षरे सुटी दिसावी, मुलास घटक ओळखता यावे. पण त्याच शाळेच्या कमानीवर ‘विद्यालय’ हे जुन्या रीतीने रंगविलेले असते, दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकेत, वर्तमानपत्रात तीच रीत असते. मूल पुस्तकातले विद्‌यालय वाचते आणि ज्या विद्यालयात ते उभे आहे त्याचे नाव वाचू शकत नाही. आम्ही जुन्या आकारांचे भक्त नाही. पण सुधारणा पुस्तकात व्हावी आणि रस्ता तसाच राहावा, ह्यात मुलाचा काय अपराध? दोन्ही आकार एका पानावर शेजारी छापण्यास कितीशी शाई लागली असती!

रस्त्याचा विषय निघालाच आहे तर लातूरच्या रस्त्याने थोडे फिरू. ‘लातूर पॅटर्न’ ची कीर्ती महाराष्ट्रभर आहे. दहावी-बारावीच्या गुणवत्ता याद्यांनी हे शहर गाजविले, आणि आज वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशांसाठी दूरदूरची मुले येथे येऊन राहतात. त्या भागातून चालताना हाताच्या अंतरावर एक पाटी, आणि पाटी पाटीवर ‘क्लासेस’. क ची शेपटी कापून ल ला जोडलेले हे अक्षर ह्या शहरातील मुलाच्या डोळ्यांसमोर ‘श्री’ पेक्षाही अधिक वेळा येत असेल. तरीही त्याच शहरातील पहिलीच्या वर्गात क्ल ची पाळी येते ती वर्ष सरताना, आणि तीही ‘क्लेश’ ह्या शब्दाने! आम्ही थट्टा करीत नाही. एका तक्त्यावर आम्ही तो शब्द प्रत्यक्ष पाहिला. शिडीच्या वरच्या पायरीवर एवढा खर्च करणारे आपण सुशिक्षित लोक खालच्या पायरीकडे इतके दुर्लक्ष का करितो, हे कोडे आहे. बारावीचा गुण दिसतो, त्याची मिरवणूक निघते. पहिलीतला ‘म्ह’ कोणास दिसत नाही. पण जे मूल तिसरीत अडखळत राहिले ते त्या क्लासेसच्या पाटीखालून पुढे जाते, आत जात नाही.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो घेणारे बहुधा आमचे स्नेहीच असतात. ते म्हणतात, घरची बोली वर्गात आणली तर मूल जन्मभर ‘जवारी’ आणि ‘परकाश’ च लिहील. हा आक्षेप आम्ही क्षुल्लक मानीत नाही. ‘प्रमाण भाषा’ हाती येणे हे गरिबाच्या मुलास श्रीमंताच्या मुलापेक्षा अधिक आवश्यक आहे. तिच्यावाचून त्याला अर्जही लिहिता येणार नाही. फलटणला प्रगत शिक्षण संस्थेची स्थापना करून आयुष्यभर मुलांना वाचावयास शिकविणाऱ्या मॅक्सीन बर्नसन ह्या स्वतः भाषाशास्त्रज्ञ; फलटणच्या बोलीतील भेदांवरच त्यांचा प्रबंध आहे. बोलीचा अभ्यास आणि प्रमाण भाषेचे शिक्षण ही दोन्ही एकाच माणसाच्या हातून होऊ शकतात, एवढे तरी ह्यावरून दिसते. मूल ‘परकाश’ म्हणते तेव्हा ‘चूक’ म्हणण्याऐवजी “बरोबर वाचलंस, आता मधला अ काढून टाकून म्हण” एवढे म्हणण्यास काही अधिक वेळ लागत नाही. पहिल्या शब्दाने मूल उभे राहते, दुसऱ्याने बसते.

आपल्या वाचकांच्या घरांतील मुलांचा प्रश्न थोडा निराळा. तेथे नावेच प्रज्ञा, श्रेया, प्रणव, स्वराली अशी, आणि मूल पहिल्यांदा वाचावयास धडपडते ते आपले स्वतःचे नाव. गावाकडची आजी श्रावणीला “सरावणे, काय करायलीस गं?” म्हणून हाक मारते आणि आई तिला हळूच सुधारते. सुधारू नये. तीन वर्षांची श्रावणी दोन्ही हाकांना ओ देते. जोडाक्षर म्हणजे काय हे समजण्याची याहून चांगली तयारी कोणत्याही अंकलिपीत मिळणार नाही.

नांदेड जिल्ह्यातील एका वाडीवरच्या शाळेत जे पाहिले ते सांगून थांबतो. बाईंनी मुलांना डब्यात काय आणले ते विचारले. “भाकर.” कशाची? “जवारीची.” बाईंनी फळ्यावर ‘जवारी’ लिहिले आणि मुलांकडून ते टाळीच्या ठेक्यावर म्हणवून घेतले, आधी सावकाश, मग जलद, मग आणखी जलद. चौथ्या-पाचव्या खेपेस ज आणि व एकमेकांस इतके चिकटले की मुलेच हसू लागली. त्याबरोबर बाईंनी ज चा दंड ओल्या बोटाने पुसून टाकला आणि व त्याच्याजवळ सरकवून लिहिला. “आता कसं ऐकू आलं तसं दिसतं का?” “दिसतं, बाई.” मग गिलासाचा ग्लास झाला, टरकाचा ट्रक झाला. एक मुलगा उठून फळ्याशी गेला आणि त्याने आपल्या मनाने ‘भाक्र’ लिहून दाखविले. बाई क्षणभर गोंधळल्या. उदगीरची अडचण त्यांच्यापुढे अशी अचानक येऊन उभी राहिली होती. मग त्या म्हणाल्या, “वाच बरं तू लिहिलेलं.” मुलगा वाचू लागला, “भाक्र,” आणि त्याच्या मागे सारा वर्ग भाक्र, भाक्र म्हणू लागला, मधली सुटी झाल्याची घंटा वाजली तरी.